हरिपूरला पोरांसाठी लेटरबॉक्सिंग ठेवायचंय, डबा कुठं लपवू?

कृष्णाकाठ७७:
नमस्कार मंडळी. मे महिन्यात भाचरं येणारेत, आठ ते तेरा वयातली, आणि हातातनं मोबाईल सुटत नाही, म्हणून म्हटलं सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेच्या संगमाच्या आसपास लेटरबॉक्सिंग ठेवावं. म्हणजे डबा लपवायचा, आत रबरी शिक्का नि वही, पोरांनी चिठ्ठीतल्या खुणांवरनं तो हुडकायचा, आपला शिक्का डब्यातल्या वहीत मारायचा, डब्यातला आपल्या वहीत, आणि डबा होता तिथंच परत. बक्षीस बिक्षीस काही नाही. घाटाच्या दगडात फटी आहेत, तिथं बसेल का? आणि जीपीएस लोकेशन द्यावं की नुसत्या खुणा?

जुनाभटक्या:
घाटात अजिबात नको राव. मेमधे असल्या फटीत विंचू गारव्याला बसलेला असतो, आणि डबा बसत नाही म्हटल्यावर पोरं चिपेचे दगड उचकटणार. जिथनं हा खेळ आला त्या इंग्लंडातल्या डार्टमूरवरही जुन्या बांधकामात, दगडांच्या राशीत डबा ठेवायचा नाही असाच दंडक आहे. तिकडं १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं क्रॅनमिअर पूल या आडरानातल्या जागी एक बाटली ठेवली, चालत पोचणारे त्यात आपलं व्हिजिटिंग कार्ड टाकायचे, एवढीच सुरुवात. लोकेशन देऊ नका. ते जिओकॅशिंग झालं, मे २००० मधे अमेरिकेनं जीपीएसमधली मुद्दाम ठेवलेली चूक काढली तेव्हा सुरू झालेलं. पोरं परत स्क्रीनकडंच बघत चालणार मग उपयोग काय?

पेववाला:
मी हरिपूरचाच. एक गोष्ट आधी ऐका, पोरांना शेताकडं सोडू नका, जुनी हळदीची पेवं आहेत, म्हणजे हळद साठवायचे जमिनीतले खड्डे. तोंड एवढंसं आणि आत खोल, पोटात मोठं. २००५ च्या पुरात पाणी शिरलं नि बरीच बाद झाली. चालू पेव उघडलं तरी आमच्याकडं लगेच कुणी उतरत नाही, आतली हवा कोंदलेली असते, माणूस दगावतो. त्यामुळं चिठ्ठीत 'खड्डा', 'जमिनीखाली' असलं काही लिहूच नका, पोरं वाकून बघणार.
डबा एखाद्या ओळखीच्या टपरीवाल्याकडं किंवा कुणाच्या अंगणात, झाडाच्या बुंध्याशी, त्यांना विचारून. प्लास्टिकचा आरपार दिसणारा घ्या आणि वर मोठ्या अक्षरात 'मुलांचा खेळ' लिहा. स्टीलचा बंद डबा बेवारस दिसला की कोणीतरी पोलिसांना फोन करणारच, आणि बरोबरच आहे त्याचं. जूनच्या आधी काढून घ्या. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलेलं, धोक्याची पातळी ४५.

वाईकरीण:
शिक्का विकत नका आणू, खोडरबरावर कोरा. ब्लेड मोठ्यांनी धरायचं. अक्षरं उलटी कोरावी लागतात त्या भानगडीत पडू नका, हळकुंड, होडी, चिंच असलं चित्र बरं उठतं. खुणा उखाण्यासारख्या लिहा, पोरं ओरडून वाचतात:

कृष्णाबाईला भेटली वारणा,
पाठ तिकडं करा नि पावलं मोजा ना,
चाळीस झाली की चिंच लागेल,
डावीकडं बघा, आंबट कोण मागेल?

(तिथं चिंच नसेल तर जे असेल ते घाला, मी जागा बघितलेली नाही.) आमच्याकडं यायचं तर मेणवलीचा घाट आहे, वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा बघायला मिळते, त्यावर झकास कोडं होईल. डबा मात्र तिथंही घाटाबाहेरच.

कृष्णाकाठ७७:
लई भारी ताई. टपरीवाला ओळखीचा आहे, त्यालाच गाठतो. पण चाळीस पावलं कुणाची? आठ वर्षाचा नि तेरा वर्षाची, भांडणं ठरलेली.

वाईकरीण:
सगळ्यात धाकट्याची धरा. त्यानं मोजायचं, बाकीच्यांनी मागनं यायचं. तुम्ही पण त्याच्याच पायानं मोजून मग चिठ्ठी लिहा.