Re: आरक्षण आहे तर मग दिसत का नाहीत?
वरती कोणीतरी लिहिलंय की राज्यात आदिवासींना ७ टक्के आरक्षण आहे ना, मग आरोग्य खात्यात दिसत का नाहीत. अहो जागा असणं वेगळं, तिथवर पोचणं वेगळं. इथे मुंबईत आरेच्या पाड्यावरची एक वारली मुलगी, बारावी झालेली, एएनएम (नर्सिंगचा कोर्स) करायचंय म्हणून जात पडताळणीसाठी १९५० च्या आधीचा पुरावा शोधत फिरतेय, पणजोबांचा शाळेचा दाखला आणा म्हणे, आणि पणजोबांनी शाळा बघितलीच नव्हती!! पाड्यावर लस द्यायला आपल्यातली बाई आली की दारं पटापट उघडतात हे मी स्वतः बघितलंय. गावाकडे आशाताई, म्हणजे घरोघरी फिरणारी आरोग्य स्वयंसेविका, गावातलीच घेतात, पण तिला पगार नाही, नुसतं मानधन. तिलाच नर्सिंगला पाठवा की, फी आणि हॉस्टेल देऊन.