ऑप्टिकल कोरिलेटरमध्ये 'व' शोधतोय पण 'ब'वर पण ठिपका येतोय

अनिकेत_फिजिक्स:
नमस्कार मंडळी, एमएस्सी प्रोजेक्टला ऑप्टिकल कोरिलेटर (प्रकाशानेच चित्रात ठरावीक आकार शोधणारी मांडणी) बनवलाय, फोर-एफ सेटअप म्हणजे एकूण लांबी लेन्सच्या फोकल लेंथच्या चौपट, हीलियम-निऑन लेझर, दोन लेन्स आणि मधल्या फोकल प्लेनमध्ये होलोग्राफिक प्लेटवर बनवलेला 'व'चा फिल्टर. काळ्या फिल्मवर पारदर्शक अक्षरं आहेत, जिथे 'व' तिथे कॅमेऱ्यात चकचकीत ठिपका, अक्षर सरकवलं की ठिपकाही सरकतो, इथपर्यंत मस्त. पण 'ब'वर पण तेवढाच ठिपका आणि फिल्म जरा फिरली की सगळंच गायब. अलाइनमेंट चुकतंय का?

जुना_लॅबवाला:
अलाइनमेंट चुकलं असतं तर 'व' पण दिसला नसता. 'ब' म्हणजे अख्खा 'व' आणि पोटात एक तिरकी रेघ, मग फिल्टरला त्यात त्याचा 'व' पूर्ण सापडणारच ना! व्हॅन्डरलुग्टने 1964 मध्ये ही पद्धत मांडली तेव्हापासूनचं हे दुखणं आहे, मॅच्ड फिल्टर (तुझ्यासारखा, शोधायच्या आकारावरूनच बनवलेला) फेजबरोबर (प्रकाशलहर किती पुढे-मागे आहे ते) अँप्लिट्यूडचंही (ती किती जोरदार आहे त्याचंही) वजन लावतो, आणि ते जास्त असतं लो फ्रिक्वेन्सीजना, म्हणजे अक्षराच्या ढोबळ आकाराला, बारकावे मागे पडतात. हॉर्नर आणि जियानिनो यांनी 1984 मध्ये नुसती फेज ठेवून बघितली, ठिपका एकदम टोकदार होतो आणि प्रकाशही वाया जात नाही. फक्त फिरण्याच्या बाबतीत तो आणखी नाजूक.

मेधा_ऑप्टिक्स:
शिरोरेखेकडे पण बघ रे. आडव्या रेघेचा फूरिए प्लेनमध्ये (तुझा फिल्टर आहे तिथेच) उभा झगझगीत पट्टा येतो आणि ती रेघ प्रत्येक अक्षराला असल्यामुळे सगळ्यांचेच ठिपके थोडेथोडे वाढतात. फिल्टरच्या अगदी पुढे उभी बारीक तार लाव, बराच फरक पडतो, मी देवनागरीवर काम करणाऱ्या सगळ्यांना आधी हेच सांगते. फिल्म फिरली की स्पेक्ट्रमही (त्या प्लेनमधला प्रकाशाचा नकाशा) तेवढाच फिरतो म्हणून ठिपका जातो, त्यासाठी ह्सू आणि आर्सेनो यांचे 1982 चे सर्क्युलर हार्मोनिक फिल्टर (आकार फिरला तरी ओळखणारे) वाच.

जुना_लॅबवाला:
आणि फेज फिल्टर दाखवायला एसएलएम (पिक्सेलनिशी प्रकाशाची फेज बदलणारा पडदा) नसेल तर वीव्हर-गुडमनचं 1966 चं जॉइंट ट्रान्सफॉर्म करून बघ. रेफरन्स 'व' आणि मजकूर शेजारी शेजारी ठेवायचा, एकच लेन्स, स्पेक्ट्रमचा फोटो घ्यायचा, थ्रेशोल्ड लावून काळा-पांढरा करायचा (याने पण ठिपका टोकदार होतो) आणि दुसरं ट्रान्सफॉर्म कॉम्प्युटरवर. फिल्टरच नाही म्हणजे मायक्रॉनचं अलाइनमेंटही नाही. फक्त दोघांत अंतर भरपूर ठेव, नाहीतर मधल्या मोठ्या ठिपक्यात 'व' दाखवणारे तुझे बाजूचे दोन्ही ठिपके बुडतील.