मेलेल्या कुत्र्याचा क्लोन करून घ्यावा का?

केंद्रक:
माझं मत सरळ आहे, पाळीव कुत्र्याच्या पेशीपासून त्याच जनुकांचं पिल्लू, म्हणजे क्लोन, बनवून विकण्याचा हा धंदा बंद व्हावा. मालकाच्या हाती एक गोंडस पिल्लू येतं, पण त्यामागे किती माद्या राबल्या हे त्याला कळत नाही. पहिला क्लोन कुत्रा स्नपी 2005 मध्ये जन्मला. त्यासाठी 1,095 भ्रूण 123 माद्यांमध्ये सोडले होते. गर्भ राहिला तिघींना. एकीचा पडला, एकीचं पिल्लू 22 दिवसांनी न्यूमोनियानं गेलं. उरला एकटा स्नपी.

रानवेडा:
आकडे खरे, पण ते पहिल्या प्रयत्नाचे आहेत. पुढे यशाचं प्रमाण सुधारलं. शिवाय तंत्र हेच आहे ज्यानं काळ्या पायांच्या फेरेटला, म्हणजे नामशेष होत आलेल्या एका छोट्या अमेरिकी रानटी प्राण्याला, आधार दिला. आजचे बहुतेक सगळे फेरेट अवघ्या सात पूर्वजांचे वंशज. या सातांबाहेरच्या विला नावाच्या मादीच्या 1988 मध्ये गोठवलेल्या पेशींपासून 2020 मध्ये एलिझाबेथ अ‍ॅन ही क्लोन जन्मली, आणि त्याच पेशींच्या अँटोनिया या दुसऱ्या क्लोनला 2024 मध्ये पिल्लंही झाली. हरवलेला जनुकीय वारसा परत आला. सरसकट बंदीत हेही जाईल.

केंद्रक:
फेरेटला माझा विरोध नाहीच. तिथे अख्खी जात वाचवायची आहे, इथे एका घरातलं दुःख हलकं करायचंय. आणि कुत्र्यांची अडचण वेगळी आहे. गाईची बीजांडं कत्तलखान्यातल्या अंडाशयांतून काढून प्रयोगशाळेत पिकवता येतात. कुत्रीचं बीजांड मात्र अपक्वच सुटतं आणि बीजवाहिनीत दोन-तीन दिवसांनी पिकतं. बाहेर ते नीट पिकत नाही. म्हणून माजावर आलेल्या मादीचं पोट उघडून बीजवाहिनी धुवून ते मिळवावं लागतं. मग बीजांडातलं केंद्रक (जनुकं असलेला गाभा) काढायचं, मेलेल्या कुत्र्याच्या त्वचेची पेशी आत सोडायची, विजेचा झटका देऊन दोन्ही जोडायच्या. भ्रूण सोडायला दुसऱ्या मादीवर पुन्हा शस्त्रक्रिया. हे सगळं निरोगी जनावरांवर, त्यांच्या काडीच्याही फायद्याशिवाय!

सूक्ष्मदर्शी:
एवढं करून तोच कुत्रा मिळतो का? सीसी ही पहिली क्लोन मांजर तिरंगी मांजरीच्या पेशीपासून झाली, पण तिच्या अंगावर नारिंगी रंग नव्हता. मादीच्या शरीरातल्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र मिटलेलं, म्हणजे बंद असतं. नारिंगी रंगाचं जनुक ज्या एक्सवर होतं, तेच दात्या पेशीत मिटलेलं होतं, ते पुन्हा उघडलं नाही. मायटोकाँड्रियाही (पेशीतले ऊर्जा बनवणारे भाग, त्यांची स्वतःची थोडी जनुकं असतात) बीजांड देणारीचे. स्वभावाची हमी तर कुणीच देऊ शकत नाही.

रानवेडा:
स्वभावाबद्दल मान्य, आणि ते गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवं. तरी बंदीपेक्षा मी नियम मागेन: किती माद्यांवर शस्त्रक्रिया झाली, प्रत्येकीवर किती वेळा, किती पिल्लं दगावली, हे करारातच लिहून द्यावं.

केंद्रक:
लिहून दिलं तरी मादीचं पोट फाडलं जाणारच ना? एकीवर आयुष्यात किती वेळा, याची मर्यादा तुम्ही कुठे घालाल, तेवढं सांगा.