बिझनेस स्कूलमधली पाहुण्यांची व्याख्याने (उद्योग, शासन, समाज): आखणी कशी करावी?

तिसरा_तास (प्रश्न)

एमबीएच्या दुसऱ्या वर्षाला ‘उद्योग, शासन आणि समाज’ हा विषय आहे. वर्ग १२० जणांचा. सत्रात बाहेरच्या वक्त्यांची सहा व्याख्याने बसतात, प्रत्येक दीड तासाचं. दुखणं सगळ्यांच्या ओळखीचं आहे. उद्योगातले पाहुणे कंपनीची ओळख करून देणाऱ्या साठ स्लाइड घेऊन येतात, अधिकारी योजनांची यादी वाचतात, सामाजिक संस्थेचे लोक कामाचे फोटो दाखवतात. प्रत्येक जण आपल्या जागी ठीकच बोलतो, पण हे तिघं एकमेकांना नेमके कुठे भिडतात ते मुलांना कळत नाही. शेवटी ‘काही प्रश्न?’ आणि सभागृहात शांतता.

विचारायचं आहे ते असं: विषय आणि वक्ते कसे जुळवावेत? सेवेतल्या अधिकाऱ्यांना बोलावताना काय पाळावं लागतं? मानधनाचं काय? आणि मुलांकडून खरे प्रश्न कसे यावेत?

दुसरी_बाजू

आधी पाहुणा मिळवायचा आणि मग ‘सर, कशावर बोलाल?’ विचारायचं, इथेच बिघडतं. असं विचारलं की माणूस स्वतःवर बोलतो. आधी एक निर्णय निवडा. धोरण नको, ‘शाश्वत विकास’ तर मुळीच नको. तारीख असलेला, कुणाचं तरी नुकसान झालेला आणि कुणीतरी विरोध केलेला निर्णय हवा.

सहा पाहुणे म्हणून सहा विषय घेऊ नका. दोन प्रकरणं घ्या, प्रत्येकावर तीन व्याख्याने.

महाराष्ट्रात यासाठी सर्वांत सोयीचं प्रकरण म्हणजे २०१८ची प्लास्टिकबंदी. अधिसूचना २३ मार्च २०१८ची, २००६च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्याखाली. साठा संपवायला तीन महिने. दंड पहिल्यांदा ५,०००, दुसऱ्यांदा १०,०००, तिसऱ्यांदा २५,००० रुपये आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. प्रत्यक्ष कारवाई जूनअखेर सुरू झाली आणि लगेच किराणा दुकानदारांच्या पॅकिंगला अटींसह सूट द्यावी लागली. दुधाच्या पिशव्या किमान ५० पैसे देऊन परत घ्यायची तरतूद होती; ग्राहकाच्या हाती ते ५० पैसे कुणी द्यायचे, डेअरीने, वितरकाने की दुकानदाराने, या एका प्रश्नावर अख्खा तास जातो. पुढे केंद्राचे नियम आले: पिशवीची जाडी आधी ७५ मायक्रॉन, मग १२० मायक्रॉन, आणि १ जुलै २०२२पासून एकदाच वापरायच्या ठरावीक वस्तूंवर देशभर बंदी. म्हणजे राज्य पुढे, केंद्र मागून. कारखानदाराने यंत्र कुठल्या जाडीसाठी घ्यायचं?

क्रम असा ठेवा. पहिला कारखानदार किंवा व्यापारी संघटनेचा माणूस, दुसरा महापालिकेच्या घनकचरा विभागाचा अधिकारी (शक्यतो दंडाची पावती फाडणाऱ्या आरोग्य निरीक्षकाच्या पातळीवर काम केलेला), तिसरा कचरावेचकांच्या बाजूने. पुण्यात असाल तर शोधायला लांब जायला नको: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३पासून आहे आणि ‘स्वच्छ’ ही वेचकांची सहकारी संस्था २००८च्या करारापासून महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करते. कुठल्या प्लास्टिकला भंगारात भाव येतो आणि वेफर्सच्या बहुस्तरीय पाकिटाला का येत नाही, हे त्यांच्याइतकं नेमकं कुणी सांगत नाही. उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम (आपल्या मालाच्या प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी उत्पादकावर टाकणारे) त्यानंतर वाचायला दिले की मुलांना ते कळतात; आधी दिले तर नुसती पानं उलटतात.

दुसरं प्रकरण नियामकाचं घ्या. मॅगी, २०१५. शिसं प्रमाणाबाहेर असल्याच्या कारणावरून विक्री थांबवण्याचा अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा आदेश ५ जूनचा, मुंबई उच्च न्यायालयाने तो १३ ऑगस्टला रद्द केला. कारण शिसं नव्हतं हे नव्हे. कंपनीची बाजू ऐकली नाही आणि प्रयोगशाळा कायद्याला हव्या तशा मान्यताप्राप्त नव्हत्या, हे होतं. नमुने तीन प्रयोगशाळांत पुन्हा तपासायला सांगितले. ‘नियामक चुकला की घाईत होता?’ हा प्रश्न अन्न प्रशासनातला निवृत्त माणूस, खाद्यउद्योगातला गुणवत्ताप्रमुख आणि ग्राहक चळवळीतला कार्यकर्ता, तिघांनाही विचारा. उत्तरं जुळत नाहीत, म्हणूनच हे प्रकरण घ्यायचं.

दाभोळ (एन्रॉनचा वीज प्रकल्प) हेही प्रकरण मोह पाडतं, पण सांभाळून. डिसेंबर १९९३चा वीज खरेदी करार, ऑगस्ट १९९५ची रद्दबातल घोषणा, १९९६चा नवा करार, १९९९ला सुरू झालेला पहिला टप्पा, २००१ला बंद. हे सगळं आजच्या मुलांच्या जन्माआधीचं. दोन पानी कालपट हातात नसेल तर वक्ता अर्धा तास इतिहासातच घालवतो.

निमंत्रणपत्रात चार ओळी हव्यातच. नमुना:

‘आपण पंचवीस मिनिटे बोलावे, अशी विनंती. भर या एकाच प्रश्नावर असावा: २०१८च्या आदेशानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत आपल्या टेबलावर कोणता निर्णय सर्वांत अवघड होता, पर्याय कोणते होते आणि कोणता का नाकारला. संस्थेची ओळख आम्ही विद्यार्थ्यांना आधी वाचायला देऊ. स्लाइड पाचपेक्षा जास्त नसाव्यात.’

शेवटचं वाक्य उद्धट वाटेल म्हणून लोक गाळतात आणि मग साठ स्लाइड बघत बसतात.

फाईल_नोटिंग

अधिकाऱ्यांपुरतं लिहितो.

सेवेतल्या अधिकाऱ्याला ‘हे धोरण चुकलं का?’ विचारणं व्यर्थ. अखिल भारतीय सेवांच्या १९६८च्या वर्तणूक नियमांत सरकारच्या चालू किंवा अलीकडच्या धोरणावर जाहीर प्रतिकूल टीका करायला मनाई आहे, राज्य सेवेच्या १९७९च्या नियमांतही बंधनं आहेत. मुलांना वाटतं साहेब टाळतायत. साहेब नियम पाळत असतात. प्रश्न वेगळा करा: ‘फाईल कोणकोणत्या टेबलांवरून गेली? वित्त विभागाने काय शेरा मारला असता? हरकती मागवल्या तेव्हा कुणाच्या आल्या आणि कुणाच्या आल्याच नाहीत?’ याला उत्तर देता येतं आणि ऐकण्यासारखं तेच असतं. धोरण चूक की बरोबर यासाठी निवृत्त अधिकारी बोलवा. फक्त निवृत्तीला आठ-दहा वर्षं झालेली नसावीत, नाहीतर प्रक्रिया जुनी सांगतात.

पत्र किमान चार आठवडे आधी, संस्थेच्या लेटरहेडवर, संचालकांच्या सहीने. कनिष्ठ अधिकारी असेल तर पत्र त्याच्या विभागप्रमुखाच्या नावे काढा आणि प्रत त्याला द्या; परवानगी मागायचं ओझं त्याच्या डोक्यावर टाकू नका. दोन दिवस आधी स्वीय सहायकाला फोन.

तारखा बघून ठरवा. अर्थसंकल्पी अधिवेशन, पावसाळी अधिवेशन, डिसेंबरचं नागपूर, मार्चअखेर आणि आचारसंहितेचा काळ, यात मंत्रालयातला किंवा जिल्हाधिकारी कार्यालयातला माणूस मिळाला तरी धरून चालू नका. राज्य सरकारचा आठवडा फेब्रुवारी २०२०च्या अखेरीपासून पाच दिवसांचा आहे, त्यामुळे शनिवारी सकाळी साडेदहा ही त्यातल्या त्यात बरी वेळ.

प्रकरण न्यायप्रविष्ट असेल तर तसं पत्रातच लिहा आणि तो भाग वगळा. चित्रीकरण करायचं नाही हेही लिहा. त्याबरोबर चॅटम हाउसचा नियम लावा: ऐकलेली माहिती वापरायला मोकळीक, पण ती कुणी सांगितली हे बाहेर सांगायचं नाही. आणि तो वर्गाला वाचून दाखवा. समोर मोबाइल उभे दिसले की सूर लगेच पत्रकार परिषदेचा होतो.

हिशेबनीस

सेवेतल्या अधिकाऱ्याला मानधनाचं पाकीट पुढे करू नका. घेता येतं का, किती, कुणाच्या मंजुरीने, हे त्यांच्या नियमांवर आहे. आधी लेखी विचारा. बहुतेक वेळा एखादं पुस्तक पुरतं.

बाकीच्यांना मानधन द्यायचं तर पॅन क्रमांक आणि रद्द केलेला चेक निमंत्रण स्वीकारल्याबरोबर मागवा, कार्यक्रमानंतर नाही. व्यावसायिक शुल्क धरून एका व्यक्तीला आर्थिक वर्षात एकूण ५०,०००पेक्षा जास्त गेले तर १० टक्के टीडीएस. ही मर्यादा १ एप्रिल २०२५पासूनची, आधी ३०,००० होती. पॅन नसेल तर कपात २० टक्के. एकच वक्ता तुमच्या दोन विभागांत आला तर रक्कम एकत्र धरली जाते, इथे हमखास गफलत होते.

प्रवासखर्च वक्त्याने करून बिल द्यायचं की संस्थेने तिकीट काढायचं, हे आधी ठरवा. कार्यकर्त्यांच्या बाबतीत तिकीट तुम्हीच काढा. ‘नंतर देऊ’ म्हटलेले बाराशे रुपये लेखा विभागातून दोन महिन्यांनी निघतात, आणि कंपनीच्या उपाध्यक्षाला फरक पडत नाही, कार्यकर्त्याला पडतो.

नदीकाठ

दुसरी_बाजू यांच्याशी बरंचसं सहमत, फक्त कुणी याचा अर्थ ‘तिघांना एकाच मंचावर बसवा’ असा घेऊ नये. ज्या संस्थेला ज्या कंपनीचा सीएसआर निधी (कंपनीने सामाजिक कामासाठी द्यायचा पैसा) मिळतो, त्या दोघांना एकत्र बोलावलं की संस्थेचा माणूस आभारप्रदर्शनच करणार. वेगवेगळ्या आठवड्यांत ठेवा, संस्था आधी.

सीएसआरवर व्याख्यान ठेवणारच असाल तर मुलांनी तीन गोष्टी आधी वाचाव्यात: २०१३च्या कंपनी कायद्याचं कलम १३५ (नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं काहीही एक असेल तर मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च), सातवी अनुसूची (हा पैसा कोणत्या कामांवर खर्चता येतो त्याची यादी) आणि त्या कंपनीच्या वार्षिक अहवालातलं सीएसआर परिशिष्ट. मग प्रश्न आपोआप धारदार होतात. ‘प्रशासकीय खर्चाला ५ टक्क्यांची मर्यादा आहे, मग संस्थेच्या लेखापालाचा पगार कुठे दाखवता?’ ‘चालू प्रकल्पाचा न खर्चलेला पैसा वर्ष संपल्यावर ३० दिवसांत वेगळ्या खात्यात जातो, बाकीचा सहा महिन्यांत सरकारी निधीत, म्हणून मार्चमध्ये घाई होते का?’ सीएसआरप्रमुख अशा प्रश्नांवर खुलतात, कारण एरवी त्यांना कुणी हे विचारत नाही.

भाषेचंही बघा. वेचक महिला किंवा गावचे सरपंच मराठीत बोलणार. वर्गात अमराठी मुलं असतील तर वाक्यावाक्याला भाषांतर नको, रंग जातो. आठ-दहा मिनिटांनी एकदा थांबून एका विद्यार्थ्याने सार सांगावं. अशा पाहुण्यांना डायसच्या मागे उभं करू नका, खुर्ची आणि कॉलर माइक द्या. शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, संचालकांचे दोन शब्द, यात दीड तासातली वीस मिनिटं जातात, आणि कापली जाते ती प्रश्नांची वेळ.

दुसरी_बाजू

प्रश्नांचं राहिलंच. १२० जणांच्या सभागृहात उत्स्फूर्त प्रश्न येत नाहीत, आले तर तेच तीन जण विचारतात. वर्गाचे वीस गट करा, सहा-सहा जणांचे. प्रत्येक व्याख्यानाला चार गटांवर जबाबदारी. तीन दिवस आधी दोन-चार पानी वाचन, दोन दिवस आधी गटाकडून दोन प्रश्न लेखी. ‘आपल्या यशाचं रहस्य काय’ छापाचे परत पाठवा. चांगले सहा निवडून वक्त्यालाही आदल्या दिवशी पाठवा. अडचणीत पकडणं हा हेतू नाही, आकडे हाताशी ठेवून यावं हा आहे.

वेळ: ओळख तीन मिनिटं, बोलणं पंचवीस, नेमलेल्या गटांचे प्रश्न तीस, खुले प्रश्न वीस. उरलेल्या वेळात वक्ता गेल्यावर वर्गाने फक्त एवढंच करायचं: मागच्या वक्त्याने सांगितलेल्या कोणत्या गोष्टीला आज छेद गेला, ते फळ्यावर मांडायचं. पहिला प्रश्न प्राध्यापकाने विचारू नये, मग मुलं गप्प बसतात.

तीन दिवसांत एका पानाचं टिपण घ्या, विशिष्ट भूमिकेतून: तुम्ही महापालिका आयुक्त आहात, दूध पिशवीच्या ५० पैशांबाबत डेअऱ्यांना काय लिहाल? याला अंतर्गत मूल्यमापनात गुण हवेतच. नुसत्या हजेरीला गुण दिले तर सभागृह भरतं, इतकंच.

तिसरा_तास

आभार सगळ्यांचे. एकच राहिलं: अधिकारी आदल्या रात्री ‘बैठक लागली’ म्हणाले तर?

फाईल_नोटिंग

लागतेच. बदली पाहुणा शोधत धावू नका, तो मिळेल त्यावर बोलेल. त्या प्रकरणाची अधिसूचना आणि शासन निर्णय छापून तयार ठेवा. चार गटांना विभाग वाटून द्या (पर्यावरण, वित्त, विधी व न्याय, नगरविकास) आणि त्याच दीड तासात फाईलवर शेरे लिहायला लावा. साहेबांना दोन आठवड्यांनंतरची तारीख मागा, आणि मुलांनी लिहिलेले शेरे त्यांना आधी पाठवून द्या. ते वाचलेले असले की साहेब भाषण करत नाहीत, शेरे दुरुस्त करायला बसतात.