'कॅन्सर सर्व्हायव्हर' आणि 'कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट'ला मराठीत काय म्हणावे?

केतकी : कर्करोगाच्या उपचारांनंतर लक्ष आणि स्मरणशक्तीवर होणाऱ्या परिणामांविषयीच्या संशोधनावर मराठीत लेख लिहायचा आहे. 'सर्व्हायव्हर'ला 'कर्करोगमुक्त' आणि 'कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट'ला 'स्मृतिभ्रंश' चालेल का?

माधव : दोन्ही नको. स्मृतिभ्रंश म्हणजे डिमेन्शिया. तो आजार वेगळा आणि वाचणारा रुग्ण उगाच हबकेल. शिवाय इथे स्मृतीइतकाच विचारांचा वेग, एकाग्रता, एका वेळी दोन कामे सांभाळणे यांचाही प्रश्न असतो.

'कर्करोगमुक्त'ची अडचण व्याख्येची आहे. फिट्झह्यू मुलन हे स्वतः डॉक्टर आणि कर्करोगाचे रुग्ण. त्यांनी १९८५ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये लिहिताना कर्करोगासह जगण्याच्या प्रवासाचे तीन टप्पे मांडले. १९८६ मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या 'नॅशनल कोअलिशन फॉर कॅन्सर सर्व्हायव्हरशिप' या संस्थेने 'सर्व्हायव्हर' ही संज्ञा निदानापासून पुढच्या साऱ्या आयुष्याला लावली. म्हणजे आज केमो चालू असलेली व्यक्तीही त्यात येते, ती मुक्त कुठे झाली? उलट बरेच शोधनिबंध मूळ उपचार संपलेल्यांनाच सर्व्हायव्हर म्हणतात. तेव्हा आधी निबंधातला 'सहभागींची निवड' हा भाग वाचा. व्यापक अर्थ असेल तर 'कर्करोगासह किंवा कर्करोगानंतर जगणारे', मर्यादित असेल तर सरळ 'उपचार पूर्ण झालेले'. 'कर्करोगविजेता' हा शब्द सत्कार समारंभात शोभतो. लेखात आला की जे गेले ते हरले, असा अर्थ निघतो.

श्रुती : 'कॉग्निटिव्ह'साठी मानसशास्त्राच्या मराठी पुस्तकांत 'बोधनिक' रुळला आहे, तोच घ्या. 'संज्ञानात्मक' हिंदीतून आलाय. खरी चूक होते ती पुढच्या शब्दात. ऱ्हास, घट, क्षती, बाधा हे एकाच्या जागी दुसरे वापरण्याजोगे नाहीत.

'ऱ्हास' म्हटले की उत्तरोत्तर वाढत जाणारी गोष्ट डोळ्यांसमोर येते. इथे अनेकांना वर्षभरात बराच फरक पडतो, काहींचा त्रास मात्र वर्षानुवर्षे टिकतो. 'क्षती' म्हणजे मेंदूला झालेली इजा, ती स्कॅनवर दिसल्याशिवाय लिहू नये. 'घट' लिहायची तर उपचारांआधीचे मापन हवे. अभ्यासात फक्त उपचारांनंतर एकदाच चाचणी घेतली असेल तर 'अपेक्षेपेक्षा कमी गुण' इतकेच म्हणता येते. स्तनाच्या कर्करोगाच्या अभ्यासांत तर काही रुग्णांचे गुण केमो सुरू होण्याआधीच कमी आढळले आहेत. आजार, शस्त्रक्रिया, थकवा, चिंता यांपैकी कशाचा वाटा किती, हे अजून उलगडलेले नाही. हार्मोनविरोधी गोळ्यांचा परिणाम होतो का, हाही चालू अभ्यासाचा विषय. म्हणून 'केमो ब्रेन' ही बोलीतली संज्ञा सोयीची असली तरी दोष एकट्या केमोवर ढकलते.

'बाधा' मला सर्वांत सुरक्षित वाटतो, पण तोही निकषासह. 'इंटरनॅशनल कॉग्निशन अँड कॅन्सर टास्क फोर्स' या संशोधकांच्या गटाने २०११ मध्ये सुचवलेला निकष असा : दोन किंवा अधिक चाचण्यांत सरासरीपेक्षा १.५ प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती विखुरतात त्याचे माप) किंवा त्याहून खाली, अथवा एकाच चाचणीत २ प्रमाण विचलन किंवा त्याहून खाली.

आणि गुण वाढले म्हणजे सगळे ठीक, असेही नाही. टास्क फोर्सने सुचवलेल्या तीन चाचण्यांपैकी हॉपकिन्स या स्मरणाच्या चाचणीत १२ शब्दांची यादी तीनदा ऐकवतात, दर वेळी आठवतील तितके सांगायचे, मग २०-२५ मिनिटांनी पुन्हा विचारतात. तीच यादी काही महिन्यांनी परत दिली तर माणूस सरावानेच जास्त शब्द सांगतो. निरोगी गटाचे गुण वाढले आणि रुग्णांचे जागच्या जागी राहिले, तर 'घट नाही' हे वाक्य आकड्यांनी बरोबर आणि अर्थाने दिशाभूल करणारे ठरते. तिथे 'अपेक्षित सुधारणा दिसली नाही' असे लिहा.

केतकी : मग रुग्ण ज्याला 'ब्रेन फॉग' म्हणतात ते? 'मेंदूतील धुके'?

माधव : अवतरणचिन्हांत, रुग्णाचा शब्द म्हणून ठेवा. मराठी माणूस बहुधा 'शब्द ओठांवर येऊन अडतो', 'डोकं चालत नाही' असे म्हणेल. पण ही 'जाणवलेली अडचण' झाली, आणि चाचणीतली बाधा निराळी. दोहोंचा मेळ अनेकदा बसत नाही. तक्रारीचे नाते थकवा, नैराश्य आणि झोपेशी जास्त जुळते. तक्रार खोटी, असा याचा अर्थ नव्हे. शांत खोलीतली अर्ध्या तासाची चाचणी दिवसभराच्या धबडग्याची नक्कल करू शकत नाही.

प्रश्नावली भाषांतरित करताना आणखी एक खाचखळगा. 'फॅक्ट-कॉग' या, रुग्णाला जाणवलेल्या अडचणींच्या प्रश्नावलीत गेल्या ७ दिवसांचे विचारतात. 'तुम्ही विसरभोळे आहात का?' असे केले की स्वभावाची चौकशी होते, म्हणून 'गेल्या ७ दिवसांत किती वेळा विसरायला झाले?' हवे. 'लक्ष लागत नव्हते' या विधानापुढे 'कधीच नाही' हा पर्याय आला की दोन नकारांत उत्तर देणारा गोंधळतो. 'लक्ष लावणे जड गेले' करा.

श्रुती : टास्क फोर्सच्या उरलेल्या दोन चाचण्यांपैकी शब्दओघाची चाचणी (दिलेल्या अक्षराने सुरू होणारे जमतील तितके शब्द सांगणे) मराठीत नुसते अक्षर बदलून चालत नाही. मूळ इंग्रजीत तीन अक्षरे, प्रत्येकाला ६० सेकंद, विशेषनामे बाद. मराठीत 'क' दिल्यावर 'काम', 'कृपा', 'क्रम' धरायचे का? 'करणे, करतो, करणार' एक की तीन? हे चाचणी घेण्यापूर्वी लेखी ठरवावे लागते, नाहीतर दोन तपासनीस एकाच रुग्णाला वेगवेगळे गुण देतील. मूळ निबंधातली सरासरी तर मराठी गुणांना लावूच नका.