छातीत दुखू लागल्यावरची पहिली काही मिनिटे : आपले अनुभव लिहा

हृदयविकाराचा झटका आलेली व्यक्ती रुग्णालयात पोहोचेपर्यंत कोणी काय केले आणि वेळ कशात गेला, हे ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे त्यांनी कृपया लिहावे. पुढचे उपचार हा या धाग्याचा विषय नाही.

सांगली, गृहिणी
पहाटे सासऱ्यांना दरदरून घाम सुटला, छातीवर दडपण आले, तरी ते ‘पित्त आहे, सोडा दे’ असेच म्हणत होते. शेजारच्या निवृत्त परिचारिकाबाईंनी त्यांना भिंतीला टेकवून, गुडघे दुमडून बसवले, १०८ क्रमांकावर फोन करायला लावला आणि तिसऱ्या मजल्यावरून चालत उतरण्याचा त्यांचा हट्ट मोडून काढून खुर्चीसकट खाली आणवले. दुखणे सुरू झाल्याची वेळ त्यांनी कागदावर लिहून दिली होती. रुग्णालयात पहिला प्रश्न तोच आला.

रुग्णवाहिकेवरील डॉक्टर
ती वेळ महत्त्वाची असते, कारण हृदयाच्या रक्तवाहिनीतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन द्यायचे की नाही हे बरेचसे तिच्यावर ठरते. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल, तर ३०० मिलिग्रॅमची साधी गोळी फोनवर विचारून चावून खायला द्यावी. गिळल्यास परिणामाला उशीर लागतो. सॉर्बिट्रेट, म्हणजे रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी, मात्र शेजाऱ्याच्या डब्यातून उचलून जिभेखाली ठेवू नये. रक्तदाब आधीच उतरलेला असेल, तर ती गोळी रुग्णाला आडवे करते. (हा उत्साह आम्हाला फार वेळा दिसतो.)

कुडाळ, शिक्षक
आईला मधुमेह आहे. तिची छाती दुखलीच नाही. जबडा ठणकत होता, मळमळ होती आणि दम लागत होता. ग्रामीण रुग्णालयातला पहिला ईसीजी ठीक आला, पण तिथल्या डॉक्टरांनी घरी न सोडता थोड्या वेळाने दुसरा काढला आणि त्यात बदल दिसला.

ठाणे, बँक कर्मचारी
आमचे सहकारी दुखत असतानाच कोसळले. हाकेला प्रतिसाद नव्हता, श्वासही नीट चालत नव्हता. प्रशिक्षण घेतलेल्या शिपाईदादांनी लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० या गतीने, सुमारे ५ सेंटिमीटर खोल दाब द्यायला सुरुवात केली. दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो, कारण हात लवकर थकतात. सहकारी वाचले नाहीत.

सांगली, गृहिणी
डॉक्टर, अशा वेळी चहा-पाणी द्यावे का?

रुग्णवाहिकेवरील डॉक्टर
गोळीपुरता पाण्याचा घोट चालेल. चहा आणि खाणे नको, कारण उलटी होऊ शकते आणि पुढे अँजिओप्लास्टीही लागू शकते.