मदत हवी आहे: ज्योती जातीच्या भातावर तुडतुडे, फवारल्यावर उलट वाढले

मंडळी, जरा घाईत लिहितोय. डिचोली तालुक्यात आमचे चार कुणगे (भाताची खाचरं) आहेत. मी पणजीला नोकरीला, शेत बाबा बघतात, मी फक्त शनिवार-रविवारचा शेतकरी.

चतुर्थीनंतर गेलो तेव्हा मधल्या कुणग्यात परातीएवढं गोल पिवळं दिसलं. बाबा म्हणाले, पाणी कमी पडलं असेल. पण पाणी तर घोट्यापर्यंत होतं. पुढच्या शनिवारी ते खळं खाटेएवढं झालं, भाजल्यासारखं तांबूस, आणि शेजारी आणखी दोन. चूड (रोपांचा एक झुबका) वाकवून बुंध्यावर थापट मारली तर तिळाएवढे तपकिरी किडे टपाटप पाण्यात पडले आणि पाण्यावरूनच तुरुतुरु पळत पुन्हा बुंध्याला चिकटले. एका चुडात पंचवीस मोजले आणि नाद सोडला. खालची पानं चिकट, त्यांवर काजळी.

दुकानदाराने सायपरमेथ्रिन हे कीटकनाशक दिलं, ते मी वरून पानांवर मारलं. आज बारावा दिवस. किडे कमी व्हायचे सोडून वाढलेत. ऑगस्टमध्ये युरिया जरा सढळ हाताने टाकला होता, हेही कबूल करतो.

दाणे आता चिकात (आत दुधाळ) आहेत. पाणी काढू का? दुसरं काय मारू? की सरळ कापून टाकू? बाबा म्हणतात ही कीड वाऱ्याबरोबर येते, आपल्या हातात काही नाही.

प्रतिसाद १

कापू नका इतक्यात. तपकिरी तुडतुडेच आहेत. चुडाला पाच-दहा दिसले तरी हालचाल करायची असते, तुमचे पंचवीस म्हणजे उशीर झालाय, पण दाणा भरतोय तोवर वाचवता येईल.

आधी पाणी काढा, फवारणीच्या आधी. नंतर काढलंत तर औषध व्हाळात (ओढ्यात) जाऊन मासे मरतील. मेर (बांध) फोडून खालच्या कुणग्यातही सोडू नका, शेजारी शिव्या घालेल. मग दर दोन-तीन मीटरवर चुडं दोन्ही बाजूंना झुकवून हातभर पट्टा मोकळा करा, बुंध्याला ऊन-वारा लागू दे. औषध पायमेट्रोझिन ५० टक्के, दहा लिटरला ६ ग्रॅम, आणि नोझल बुंध्याकडे. करपलेल्या खळ्याच्या मधोमध मारून उपयोग नाही, कीड कडेच्या हिरव्या चुडांवर सरकलेली असते. हे औषध लगेच मारत नाही, रस पिणं बंद पाडतं, म्हणून दुसऱ्या दिवशी किडे दिसले तर घाबरू नका. कापणीआधी किती दिवस थांबायचं ते पाकिटावर वाचा.

सायपरमेथ्रिनने तुमचे राखणदारच मेले. कोळी तुडतुडे खातात, हिरवे मिरिड ढेकूण तुडतुड्यांची अंडी. ही अंडी मात्र पानाच्या आवरणात असतात, फवारा तिथे पोचतच नाही. इंडोनेशियाने १९८६ मध्ये याच कारणाने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली होती.

प्रतिसाद २

बाबांचं अर्धं खरं आहे. जपानात हा तुडतुडा हिवाळ्यात तगत नाही, दरवर्षी चीनकडून समुद्र ओलांडून वाऱ्यावर येतो. आपल्याकडे थंडी कुठे आहे त्याला मारायला? लांब पंखांचे उडून येतात, पण चांगलं खायला मिळालं की पुढच्या पिढीत आखूड पंखांच्या माद्या निघतात. त्या उडत नाहीत, तिथेच शे-दोनशे अंडी घालतात. तुमचा युरिया म्हणजे त्यांना जेवणावळच. वायंगण (उन्हाळी भात) करणार असाल तर कापणीनंतर फुटलेली खुंटं नांगरून टाका, दाट लावू नका, युरिया तीन हप्त्यांत द्या.

धागाकर्ता

दोघांचे आभार. बाबांनी आज सकाळी पाणी व्हाळाकडे काढलं. शनिवारी पंप घेऊन जातो, फोटो टाकतो. एकच राहिलं: करपलेल्या खळ्यांतलं भात कापून गुरांना घातलं तर चालेल का? बाबा विळा घेऊन तयारच आहेत, मी तूर्त थांबवलंय.